कर्करोगाची वेदना आणि ख्रिस्ती श्रद्धा

कर्करोगाचे निदान झाले, की रोग्याच्या मनात उपचाराच्या प्रश्नाआधी कारणाचा प्रश्न उभा राहतो. हे आपल्याच वाट्याला का यावे? बुलढाणा जिल्ह्यातील लोणार तालुक्यात असलेल्या बीबीसारख्या गावी या प्रश्नाची उत्तरे परंपरेने तयारच असतात. कोणी पूर्वकर्म म्हणतो, कोणी करणी म्हणतो, कोणी देवाचा कोप म्हणतो. या उत्तरांत एक क्रौर्य दडलेले आहे. रोग्याला रोगाबरोबरच अपराधाचेही ओझे वाहावे लागते. ख्रिस्ती समाज या वृत्तीपासून मुक्त आहे असे मात्र समजू नये. ईयोबाच्या समाचाराला आलेले मित्रही त्याला हेच सांगत होते, की तुझ्या हातून काही पाप घडलेच असले पाहिजे. त्या ग्रंथाच्या अखेरीस देव रागावतो तो या मित्रांवर, तक्रार करणाऱ्या ईयोबावर नव्हे. योहानाच्या शुभवर्तमानातील जन्मांधाच्या कथेत शिष्य विचारतात, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? येशू दोन्ही पर्याय नाकारतो. ख्रिस्ती श्रद्धेतून रोग्याला मिळणाऱ्या बळाचा पहिला अंश या नकारात आहे.

दुसरा अंश आक्रोशाच्या अधिकारात आहे. स्तोत्रसंहितेतील सुमारे एकतृतीयांश स्तोत्रे विलापाची आहेत, आणि त्यांत देवाला जाब विचारण्याचा संकोच आढळत नाही. गेथशेमाने बागेत ख्रिस्त स्वतः दुःखाचा पेला टळावा अशी याचना करतो, आणि वधस्तंभावर त्याच्या मुखी येते तेही एका विलापस्तोत्राचे पहिलेच चरण. महाराष्ट्रातील वाचकाला हे परके वाटण्याचे कारण नाही. विठोबाशी भांडणारा तुकोबा त्याच्या परिचयाचा आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला, परंतु अभंगाची वाट सोडली नाही. त्यांची पदे आजही मराठी मंडळ्यांच्या उपासनेत गाइली जातात. म्हणून मराठी ख्रिस्ती रोग्याच्या प्रार्थनेत पॅलेस्टाइन आणि पंढरपूर या दोहोंचे स्वर मिसळलेले असतात, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होऊ नये.

तथापि आक्रोशाने रोग हटत नाही, आणि श्रद्धेची खरी कसोटी येथेच लागते. पौलाने आपल्या देहातील 'काट्या'साठी तीनदा प्रार्थना केली. काटा निघाला नाही. तो सोसण्यास पुरेशी कृपा मिळेल, एवढेच आश्वासन त्याला लाभले. रोमन कॅथलिक परंपरेत रोग्याला तैलाभ्यंग करण्याचा संस्कार दीर्घकाळ 'अंत्याभ्यंग' म्हणून ओळखला जाई. धर्मगुरू घरी आला की मरण आले, असा त्याचा अर्थ घेतला जाई. १९७२ मध्ये पोप सहावे पॉल यांनी या संस्काराच्या विधीत सुधारणा करून तो मरणासन्नांपुरता न ठेवता गंभीर आजाऱ्यांसाठी खुला केला. केवळ विधीचा तपशील म्हणून याकडे पाहणे चुकीचे ठरेल. वर्षानुवर्षे रोगाशी झुंजणाऱ्या माणसाला त्यामुळे जगतानाच संस्काराचा आधार घेणे शक्य झाले.

या श्रद्धेने वैद्यकालाही एक नवी दृष्टी दिली. सेसिली साँडर्स ही इंग्लंडमधील परिचारिका १९४५ मध्ये श्रद्धेकडे वळली आणि पुढे रुग्णालयातील समाजसेविका झाली. १९४८ मध्ये डेव्हिड टास्मा हा पोलंडहून आलेला ज्यू निर्वासित कर्करोगाने मरणपंथास लागला होता. त्याने तिच्या भावी रुग्णगृहातील एका खिडकीसाठी ५०० पौंड ठेवले. (ख्रिस्ती प्रेरणेतून उभ्या राहिलेल्या या संस्थेची पहिली देणगी एका ज्यूची आहे, हे विसरून चालणार नाही.) साँडर्स वैद्यकाचे शिक्षण घेऊन डॉक्टर झाली, आणि १९६७ मध्ये लंडनमध्ये सेंट ख्रिस्टोफर्स हॉस्पिस सुरू झाले. वेदना असह्य होण्याची वाट न पाहता ठरावीक अंतराने मॉर्फिन द्यावे, हा तिचा आग्रह होता. शरीर, मन, समाजसंबंध आणि आत्मा या चारही अंगांनी होणाऱ्या यातनेला तिने 'समग्र वेदना' असे नाव दिले. २००५ मध्ये याच संस्थेत स्तनाच्या कर्करोगाने तिचा अंत झाला.

भारतात असे पहिले रुग्णगृह मुंबईस वांद्रे येथे निघाले. टाटा स्मारक रुग्णालयातील शल्यविशारद डॉ. लुई जुझे डिसूझा यांनी १९८६ मध्ये 'शांती आवेदना सदन' स्थापिले. ज्यांच्यावर रोगनिवारक उपचार उरलेला नाही अशा कर्करुग्णांची तेथे धर्मभेद न पाहता विनामूल्य शुश्रूषा होते. विदर्भाच्या या भागातही ख्रिस्ती वैद्यकसेवा नवी नाही. नाझरीन मिशनचे वाशीम येथील रेनॉल्ड्स स्मारक रुग्णालय १९३८ चे असून त्याच्या उभारणीत डॉ. ऑर्फा स्पायकर या महिला शल्यविशारदांचा वाटा मोठा होता. परंतु कर्करोगाच्या उपचारासाठी बीबीच्या रोग्याला अजूनही छत्रपती संभाजीनगर, नागपूर किंवा मुंबई गाठावी लागते. मुंबईत अशा परगावच्या रोग्यांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचा आसरा मिळतो. तेथे एका ओळीत अंथरलेल्या पथाऱ्यांवर बायबल, ज्ञानेश्वरी आणि कुराण शेजारी शेजारी असू शकतात. श्रद्धेचा तौलनिक अभ्यास करू इच्छिणाऱ्याने ग्रंथालयाबरोबर अशा ठिकाणाकडेही लक्ष द्यावयास हवे.

श्रद्धेची दुसरी बाजू झाकणे अभ्यासाच्या दृष्टीने अप्रामाणिकपणाचे ठरेल. चमत्काराने रोग जाईल या भरवशावर काही रोगी शस्त्रक्रिया लांबणीवर टाकतात. गाठ लहान असतानाचे दिवस एकदा गेले की ते परत मिळत नाहीत. मग रोग बळावला की, 'तुझा विश्वास कमी पडला' असे सांगणारेही भेटतात. हे ईयोबाचे मित्रच, केवळ वेष पालटून आलेले. या गोंधळाला भाषेचेही एक कारण आहे. नव्या करारातील 'सोझो' या ग्रीक क्रियापदात रोगमुक्ती व तारण हे दोन्ही अर्थ एकवटलेले आहेत. मराठीत 'बरे करणे' आणि 'तारणे' हे शब्द वेगळे पडतात. अनुवादकाला एकाची निवड करावी लागते आणि दुसरा अर्थ वाचकाच्या दृष्टीआड होतो. मूळ हिब्रू व ग्रीकवरून मराठी बायबल सिद्ध करणाऱ्या पंडिता रमाबाईंनाही ही अडचण चुकली नसणार.

अमेरिकेत झालेल्या संशोधनानेही सोपी उत्तरे दिलेली नाहीत. फेल्प्स व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अंतिम अवस्थेतील ३४५ कर्करुग्ण होते. धर्माचा अधिक आधार घेणाऱ्यांपैकी ११.३ टक्के रोग्यांना अखेरच्या आठवड्यात कृत्रिम श्वसनयंत्र लावले गेले. कमी आधार घेणाऱ्यांत हे प्रमाण ३.६ टक्के होते. श्रद्धेने मरण स्वीकारणे सुलभ होते, या सर्वमान्य समजुतीला हा निष्कर्ष धक्का देणारा आहे. बाल्बोनी व सहकाऱ्यांच्या २०१३ मधील अभ्यासाने त्यावर काहीसा प्रकाश टाकला. केवळ धर्ममंडळीकडून भरपूर आधार मिळालेले रोगी अखेरपर्यंत तीव्र उपचारांकडे झुकत. पण आध्यात्मिक विचारपूस उपचार करणाऱ्या डॉक्टर-परिचारिकांकडूनही झाली, तर तेच रोगी रुग्णगृहातील शुश्रूषेची निवड अधिक करीत. मंडळीतील माणसे चमत्काराची प्रार्थना करतात, आणि रोगाची खरी अवस्था त्यांना ठाऊक नसते. ती ज्याला ठाऊक आहे, तो डॉक्टर सहसा प्रार्थनेविषयी बोलत नाही. रोगी या दोघांच्या मध्ये पडून असतो, आणि 'बरे होणे' या शब्दाचा कोणता अर्थ धरावा हे त्याला एकट्यालाच ठरवावे लागते.