जुनी स्पोर्ट्स मोटार : पहिला पैसा कोठे घालावा?

मुंबई-गोवा महामार्गावर नागोठणे सोडले की कोलाडच्या अलीकडे खांब लागते. या रस्त्याच्या कडेला पंक्चरवाला, वायरमन, सीटकव्हर शिवणारा, डेंटिंग-पेंटिंगवाला आणि इंजिनाचा मिस्त्री अशा अनेकांचे पोट वाहनांवर अवलंबून आहे. समजा, अशाच एका मिस्त्रीच्या दारात एक दिवस जुनी, बुटकी, दोन दारांची मोटार येऊन उभी राहते. मालक तरुण आहे, आखातात चार-पाच वर्षे नोकरी करून परतला आहे. तो म्हणतो, "चाचा, गाडी जरा स्पोर्टी करून द्या, पण खर्च बेताचा ठेवा."

आता मिस्त्रीने काय करावे? मोठा आवाज करणारा सायलेन्सर, रुंद चाके आणि कापलेल्या स्प्रिंगा बसवून दिल्या तर गिऱ्हाईक त्या दिवशी खूश होईल. पण पुढे दंड झाला, विम्याचा दावा नाकारला गेला किंवा घाटात ब्रेक लागला नाही, तर तेच गिऱ्हाईक परत येईल तेव्हा हातात हार नसेल. म्हणून या धंद्यातील आपल्या कारागीर बांधवांनी पहिला पैसा कोठे घालावा आणि कोठे घालू नये, याचा विचार या लेखात केला आहे.

आपल्याकडे अशा गाड्या कोणत्या?

दोन दारे, उतरते छत आणि हाताने बदलायचे गिअर अशी खरी कूपे गाडी आपल्या देशात फारच थोडी बनली. तिच्या जवळची, आणि आपल्याच महामार्गाच्या दुसऱ्या टोकाला जन्मलेली गाडी म्हणजे गोव्याच्या सॅन मोटर्सची 'सॅन स्टॉर्म'. ती १९९८ च्या सुमारास बाजारात आली. दोन आसने, फायबरग्लासची बॉडी, रेनो कंपनीचे ११४९ सीसीचे इंजिन, सुमारे ६० अश्वशक्ती आणि पाच गिअर असा तिचा थाट होता. मारुतीने २००३ मध्ये झेन गाडीच्या 'कार्बन' आणि 'स्टील' या दोन दारांच्या आवृत्त्या काढल्या. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली फियाट पॅलिओ चार दारांचीच होती, पण तिचे १.६ लिटरचे इंजिन असलेली आवृत्ती वेगाच्या शौकिनांत आजही नाव राखून आहे.

आखातात जुनी जपानी कूपे स्वस्तात मिळते, ती घरी आणता येईल का, असे काही जण विचारतात. वापरलेली मोटार आयात करायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, स्टिअरिंग उजव्या हाताला असावे लागते आणि वर जबर सीमाशुल्क भरावे लागते. आखातातील गाडी डाव्या स्टिअरिंगची असते. म्हणजे तो बेत सोडूनच द्यावा आणि येथे नोंदलेली गाडीच हाती घ्यावी हे बरे.

आधी दुरुस्ती, मग सुधारणा

वीस-पंचवीस वर्षांची गाडी 'सुस्त' वाटते, ती बहुतेक वेळा इंजिन लहान म्हणून नव्हे, तर देखभाल थकली म्हणून. ऑइल, कूलंट, प्लग, एअर फिल्टर आणि टायमिंग बेल्ट यांची तपासणी हीच पहिली 'मॉडिफिकेशन' समजावी. टायमिंग बेल्ट रबराचा असतो. गाडी उभी राहिली तरी रबर म्हातारे होतेच, म्हणून तो किलोमीटरबरोबर वर्षे मोजूनही बदलावा. तो चालत्या गाडीत तुटला तर अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह वाकतात आणि शेकड्यांचे काम हजारांवर जाते.

दुसरी बाब पेट्रोलच्या नळ्यांची. २०२५ पासून पंपावर बहुतेक ठिकाणी २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि वायसर या इंधनासाठी बनलेले नव्हते. ते फुगतात, कडक होतात, त्यांना चिरा पडतात. गरम इंजिनावर गळणारे पेट्रोल म्हणजे आगीला निमंत्रण. इथेनॉल सोसणारी नळी आणि चांगल्या क्लिपा यांचा खर्च गाडीतील सर्वांत लहान खर्चांपैकी एक आहे. तो कधीच टाळू नये.

टायर : सर्वांत मोठा फरक

गाडी रस्त्याला टेकते ती फक्त चार टायरांवर, प्रत्येकाचा जेमतेम तळहाताएवढा भाग. म्हणून खिशात मोजकेच पैसे असतील तर ते टायरवर घालावेत. टायरच्या बाजूवर चार आकडी छाप असतो. '०३२४' असे असेल तर तो २०२४ च्या तिसऱ्या आठवड्यात बनला. नक्षी शाबूत दिसली तरी सहा-सात वर्षांचे रबर कडक होते आणि पावसात घसरते. मोटारीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी झाली तर ते कायद्यानेही चालत नाही.

रुंद टायरचा आग्रह बहुतेक गिऱ्हाइके धरतात. त्यांना हिशेब करून दाखवावा. १५५/७० आर १३ या टायरची रुंदी १५५ मिलिमीटर असते. बाजूची उंची तिच्या ७० टक्के, म्हणजे १०८.५ मिलिमीटर. १३ इंचाच्या रिमसह पूर्ण व्यास सुमारे ५४७ मिलिमीटर होतो. त्याऐवजी १६५/६० आर १४ बसवला तर व्यास सुमारे ५५४, म्हणजे जवळपास सव्वा टक्का जास्त. एवढ्याने स्पीडोमीटर फारसा चुकत नाही. पण बाजूची उंची ९९ मिलिमीटरवर येते, म्हणजे रिम आणि खड्डा यांच्यामधील गादी साडेनऊ मिलिमीटरने पातळ होते. पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचे रुंदीकरण २०११ मध्ये सुरू झाले आणि पुढे वर्षानुवर्षे रखडले. त्या काळात या रस्त्याच्या खड्ड्यांनी किती रिमा वाकवल्या हे पंक्चरवाल्यांना विचारावे! म्हणून आपल्या भागात मूळ मापाचाच, पण चांगल्या प्रतीचा नवा टायर हा शहाणपणाचा सौदा आहे. टायरवर लिहिलेली भारक्षमता आणि वेगमर्यादा मूळ टायरपेक्षा कमी नसावी.

ब्रेक आणि सस्पेन्शन

ब्रेक ऑइल हवेतील दमट वाफ शोषून घेते. आपल्या कोकणच्या पावसाळ्यात तर विचारायलाच नको. 'डॉट ४' प्रतीचे कोरे ऑइल २३० अंश सेल्सिअसला उकळते. ओलावा मुरल्यावर तेच १५५ अंशांच्या आसपास उकळू शकते. घाट उतरताना ब्रेक तापले, ऑइलमध्ये वाफ झाली की पेडल तळाला जाते आणि गाडी थांबत नाही. दर दोन वर्षांनी ऑइल बदलणे, चांगले पॅड घालणे, जुने रबरी होज तपासणे एवढे केले तरी गाडीवरचा विश्वास दुप्पट होतो.

सस्पेन्शनमध्ये पहिले काम बुशांचे. झिजलेल्या बुशांमुळे गाडी वळणावर डुलते आणि स्टिअरिंगला उशिरा दाद देते. नवे बुश, मूळ प्रतीचे शॉक ॲब्सॉर्बर आणि नंतर व्हील अलाइनमेंट, या तीन गोष्टींनी जुनी गाडी पुन्हा तरुण होते. गाडी बुटकी दिसावी म्हणून स्प्रिंग कापण्याचा उद्योग मात्र करू नये. कापलेली स्प्रिंग खड्ड्यात चाक खाली लोंबले की आपल्या बैठकीतून सटकू शकते.

गिअर, दिवे आणि बैठक

हाताने गिअर बदलण्यातच या गाड्यांची मजा आहे. लिव्हर ढिला झाला असेल तर गिअरबॉक्स खोलण्याआधी लिंकेजचे प्लॅस्टिक बुश, इंजिन माउंटिंग आणि क्लच केबल पाहावी. या तिन्ही वस्तू स्वस्त असतात, आणि गिअर 'खटकन' पडू लागला की गिऱ्हाईक लगेच हसते.

वायरमन बांधवांसाठी येथे चांगले काम आहे. जुन्या गाडीत हेडलाइटची पूर्ण वीज डॅशबोर्डवरील स्विचमधून फिरून जाते. जुनी वायर, गंजलेली टर्मिनले आणि जळालेला स्विच यांत व्होल्टेज गळते. हॅलोजन दिव्याचे व्होल्टेज १० टक्के घटले तर उजेड सुमारे ३० टक्क्यांनी घटतो. बॅटरीपासून फ्यूजसह जाड वायर काढून मध्ये रिले बसवला की मूळ ६०/५५ वॅटचाच बल्ब नव्यासारखा उजळतो. त्याऐवजी १०० वॅटचा बल्ब घातला तर वायर आणि होल्डर वितळतात. हॅलोजनच्या परावर्तकात एलईडी बल्ब कोंबला तर समोरून येणाऱ्या एसटीच्या चालकाचे डोळे दिपतात.

फायबरग्लासच्या बॉडीबाबत एक सूचना. पत्र्याच्या गाडीत बॉडीच अर्थिंगचे काम करते. फायबरमधून वीज वाहत नाही. म्हणून प्रत्येक दिव्याला परतीची वायर स्वतंत्र द्यावी आणि दिवा मिणमिणू लागला तर पहिला संशय त्या वायरवर घ्यावा. फायबर गंजत नाही खरे, पण त्याखालचे पोलाद गंजते. पावसाळ्याआधी गाडी वर उचलून खालचा भाग अवश्य पाहावा.

आतली बैठक हा सीट शिवणाऱ्या कारागिराचा प्रांत. बसलेला फोम बदलून मांड्या आणि कंबर यांना आधार मिळेल अशी सीट भरून दिली तर लांबचा प्रवास सुसह्य होतो. सीट बेल्टचे हुक आणि बोल्ट मात्र हलवू नयेत.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. आवाज आणि धूर यांची मर्यादा मोडली तर कलम १९० खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहेत, शिवाय चालक परवानाही तीन महिने अडकतो. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर यातच येतो. रंग बदलायचा असेल तर तो नोंदणी पुस्तकात लिहून घ्यावा लागतो.

खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते, पुढे ती पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते. आपल्या जिल्ह्यातील एमएच ०६ क्रमांकाच्या गाड्यांना त्यासाठी पेणच्या परिवहन कार्यालयात जावे लागते. १ एप्रिल २०२२ पासून हे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले आणि २०२५ मध्ये २० वर्षांवरील गाड्यांसाठी ते आणखी वाढले. एवढे पैसे भरून निरीक्षकासमोर उभी राहिलेली गाडी कापलेल्या स्प्रिंगांमुळे परत आली, तर तो बोल शेवटी मिस्त्रीच्या माथी येतो.

धंदा म्हणून पाहता

वर सांगितलेल्या कामांत नोंदणी पुस्तकातील एकही शब्द बदलत नाही. गाडी बाहेरून जशीच्या तशी दिसते, पण चालवणाऱ्याला फरक कळतो. गिऱ्हाइकाजवळ दहा रुपये असतील तर निम्मे टायर आणि ब्रेकवर, तीन देखभाल आणि नळ्यांवर, आणि उरलेले दोन बुश, दिवे व बैठकीवर, असा साधा हिशेब त्याला सांगावा.

प्रत्येक कामाचे बिल द्यावे. सुट्या भागाची कंपनी आणि क्रमांक त्यावर लिहावा. काढलेला जुना भाग पिशवीत घालून गिऱ्हाइकाच्या हवाली करावा. एखादी नवी वस्तू बसवली तर ती विमा कंपनीला कळवण्यास सांगावे, कारण न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी आडवा येतो. आणि जे काम कायद्यात बसत नाही त्याला स्वच्छ 'नाही' म्हणावे. ते गिऱ्हाईक कदाचित पुढच्या नाक्यावर जाईल. पण ज्याचा ब्रेक आपण नीट करून दिला आणि जो पावसात सुखरूप घरी पोहोचला, तो आपल्या भावाची आणि शेजाऱ्याचीही गाडी आपल्याकडेच घेऊन येईल. गॅरेजच्या धंद्यात पाटीपेक्षा ही जाहिरात मोठी आहे.