सायकलने घाट चढताना : दम, पाणी आणि सिकलसेलची एक तपासणी

नांदेड-लातूरकडे सायकल आता पुन्हा रस्त्यावर दिसू लागली आहे. पहाटे पाच-पंचवीस किलोमीटर चालवणारे तरुण आहेत, तशीच साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी सांगितल्यावर सायकल काढलेली पन्नाशीतली माणसेही आहेत. सपाट रस्त्याची सवय झाली की घाट खुणावू लागतो. कुणी माहूरगडाचा चढ चढतो, कुणी सुट्टीत साताऱ्याला जाऊन कास तलाव गाठायचे ठरवतो. बाबासाहेबांची शाळा पाहायला साताऱ्याला जाणाऱ्यांनाही हा रस्ता जवळचा आहे. पण सपाटीवरचा सायकलस्वार आणि घाटातला सायकलस्वार यांच्या शरीरावर पडणारा ताण वेगळा असतो. तो समजून घेऊनच निघावे.

कासचा चढ कसा आहे?

सातारा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 740 मीटरवर आहे, तर कासचे पठार साधारण 1200 मीटरवर. अंतर सुमारे 25 किलोमीटर, रस्ता डांबरी. मुख्य चढ सुरुवातीलाच, यवतेश्वरच्या घाटात लागतो. पुढे रस्ता डोंगरमाथ्यावरून चढ-उतार घेत पठारावर आणि तलावाशी जातो. याच तलावाचे पाणी सातारा शहराला मिळते, त्यामुळे काठावर कचरा टाकू नये.

नांदेड साडेतीनशे मीटरच्या आसपास, तर लातूर सहाशे मीटरच्या वर आहे. पण ही उंची शंभराहून अधिक किलोमीटरमध्ये विभागली जाते, म्हणून ती पायांना जाणवत नाही. घाटात मात्र काही किलोमीटरमध्येच शेकडो मीटर चढावे लागते.

दम का लागतो?

‘उंचावर हवा विरळ, म्हणून दम लागतो’ असे अनेकांना वाटते. कासच्या उंचीवर ते फारसे खरे नाही. तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या सुमारे 87 टक्के असतो. निरोगी माणसाला एवढा फरक त्रास देत नाही. दम लागतो तो वजन वर उचलावे लागते म्हणून. माणूस, सायकल, पाणी मिळून 85 किलो धरले, तर ते साडेचारशे मीटर वर नेण्यासाठी शरीराला साधारण चारशे कॅलरी खर्च कराव्या लागतात, म्हणजे तीनेक भाकरींची ऊर्जा. हे काम अर्ध्या तासात करायचे की दीड तासात, हे आपल्या हातात आहे. घाई केली की नाडी धावते, मांड्या भरून येतात.

यावर एक सोपे माप आहे. चढताना सोबत्याशी एक पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. दोन शब्दांनंतर श्वास तुटत असेल तर वेग कमी करा. गिअर हलका ठेवा आणि पाय मिनिटाला साठ-सत्तर फेऱ्यांच्या लयीत फिरू द्या. जड गिअर रेटल्याने गुडघे दुखतात. चढ लागण्याआधीच गिअर बदला, जोर लावलेला असताना बदलला तर चेन उतरते. उतरून सायकल हाताने ढकलण्यात कमीपणा नाही.

सिकलसेल : आपल्यासाठी महत्त्वाचे

सिकलसेल हा रक्तातील हिमोग्लोबिनचा आनुवंशिक दोष आहे. विदर्भात आणि त्याला लागून असलेल्या भागांत तो आदिवासी समाजात आणि आपल्या बौद्ध समाजातही आढळतो. किनवट-माहूरकडच्या वाचकांना हे नाव नवे नाही.

इथे दोन गोष्टी वेगळ्या ओळखाव्यात. ‘एएस’ म्हणजे वाहक. वाहक हा रुग्ण नव्हे, तो खेळू शकतो, धावू शकतो, घाटही चढू शकतो. मात्र सरावाशिवाय, उन्हात, पाणी न पिता एकदम जास्त जोर लावला तर क्वचित वाहकालाही धोका होतो. पायातली शक्ती अचानक जाते, स्नायू दुखतात, पण पेटके आल्यासारखे ते कडक होत नाहीत. असे झाले तर ‘थोडे उरले आहे’ म्हणून पुढे जाऊ नये. लगेच थांबा, सावलीत बसवा, पाणी द्या आणि 108 ला फोन करा. कुणी चिडवते म्हणून चढत राहणे जिवावर बेतू शकते.

‘एसएस’ म्हणजे प्रत्यक्ष रुग्ण. त्याला अतिश्रम, थंडी आणि शरीरातील पाणी कमी होणे यांमुळे वेदनांचा झटका येऊ शकतो. सपाटीवर हलकी सायकल चालवायची की नाही, हेही डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

मनाली-लेह रस्त्यावर बारालाचा खिंडीजवळ सुमारे 4,900 मीटरवर सूरजताल आहे. तिथे हवेचा दाब जवळपास निम्म्यावर येतो. अशा उंचीवर वाहकाच्याही प्लीहेला इजा होऊ शकते. डाव्या बरगडीखाली तीव्र दुखणे ही त्याची खूण आहे. लडाखचे मनात असेल तर आधी रक्त तपासून घ्या. सोल्युबिलिटी चाचणी सरकारी आरोग्य केंद्रात होते. ती सकारात्मक आली तर पुढील तपासणीतून वाहक की रुग्ण हे कळते.

निघण्यापूर्वी

दीड-दोन महिने सराव करा. आपल्याकडे घाट नसला तरी उड्डाणपूल आहे. तो पाच-दहा वेळा चढा-उतरा. समोरून वारा असेल त्या दिवशीही चालवा, वारा चढासारखाच जोर मागतो.

पाणी तहान लागण्याआधी, थोडे थोडे प्या. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घातले की घरचे मिश्रण तयार होते. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर किंवा गूळ ठेवावा. हात थरथरले, घाम फुटला, डोके हलके वाटले तर लगेच खावे. छातीत दाब किंवा डाव्या हातात कळ आली तर प्रवास तिथेच संपवावा.

उतरताना घामाने भिजलेल्या अंगाला वारा लागतो. सदऱ्यावर एक जाडसर कपडा चढवा. ब्रेक सतत दाबून धरले तर ते तापतात आणि पकड कमी होते. वळणाआधी वेग कमी करा, दोन्ही ब्रेक दाबा आणि सोडा. हेल्मेट चढतानाही डोक्यावरच असू द्या.

तलाव कुठे जात नाही. एकदा अर्ध्या वाटेवरून परत फिरलात तर पुढच्या हिवाळ्यात पुन्हा जाता येईल. त्याआधी घरातल्या सर्वांची सिकलसेल तपासणी झाली आहे का, एवढे मात्र याच आठवड्यात विचारा.