पाणी तर सगळ्याच मुली वाहत होत्या

9 ऑगस्ट जवळ आला की नाशिक, नंदुरबार, पालघर, गडचिरोलीच्या तालुक्यांच्या गावी फ्लेक्स लागतात, तारपा-ढोलांच्या मिरवणुका निघतात आणि दुपारच्या सभेत ‘गुणवंतांचा सत्कार’ होतो. 1982 मध्ये या दिवशी संयुक्त राष्ट्रांच्या आदिवासीविषयक कार्यगटाची पहिली बैठक झाली, म्हणून 1994 मध्ये 9 ऑगस्ट हा जागतिक आदिवासी दिन ठरला. 2023 चा विषय तर आदिवासी तरुणांचाच होता. आपल्याकडे 2021 पासून 15 नोव्हेंबर, म्हणजे बिरसा मुंडांची जयंती, जनजातीय गौरव दिन म्हणून साजरी होते. बिरसा रांचीच्या तुरुंगात वारले तेव्हा जेमतेम पंचविशीचे होते. 1858 मध्ये चांद्याला फासावर चढवलेले बाबुराव शेडमाकेही त्याच वयाचे. तेव्हा आदिवासी तरुणांचं कर्तृत्व हा काही आजचा शोध नव्हे, आणि त्याचं कौतुक व्हायलाच हवं. प्रश्न आहे तो कौतुकाच्या भाषेचा. शाल-श्रीफळासोबत एक ठरलेलं वाक्य येतं: ‘दुर्गम भागात राहून, हलाखीच्या परिस्थितीवर मात करून’ अमुक एकाने यश खेचून आणलं. दुसऱ्या दिवशी बातमीतही तेच. या वाक्यात परिस्थिती आहे, जिद्द आहे, निकालही आहे. यश नेमकं कशामुळे मिळालं, ते मात्र नाही.

कविता राऊतची गोष्ट घ्या. त्र्यंबकेश्वर तालुक्यात हरसूलच्या बाजूला सावरपाडा हे तिचं गाव. 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटर शर्यतीत तिने कांस्य मिळवलं. या स्पर्धांमध्ये धावपट्टीवर वैयक्तिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. पुढच्याच महिन्यात ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य, 2012 मध्ये अर्जुन पुरस्कार, 2016 मध्ये रिओ ऑलिंपिकची मॅरेथॉन. ‘सावरपाडा एक्सप्रेस’ हे नाव तिला मिळालं आणि त्यासोबत एक कथाही चिकटली: लांबून डोक्यावर पाणी आणताना, अनवाणी डोंगर चढताना तिचे पाय घडले. कथा ऐकायला छान आहे आणि तपशिलात खोटीही नाही. पण कारण म्हणून ती टिकत नाही. पाणी तर पाड्यावरच्या सगळ्याच मुली वाहत होत्या. पाणी वाहण्याने धावपटू घडत असते तर सुरगाण्यापासून मोखाड्यापर्यंत प्रत्येक पाड्यावर अर्जुन पुरस्कार असता. कविताच्या आयुष्यात वेगळं घडलं ते असं: शालेय स्पर्धेतली तिची धाव कुणाच्या तरी नजरेत भरली आणि नाशिकला विजेंद्र सिंग यांच्यासारखा प्रशिक्षक भेटला. रोजचा सराव, पोटभर खाणं, राहायची सोय, पायात बूट, स्पर्धांचं वेळापत्रक या गोष्टी वर्षानुवर्षं जागेवर राहिल्या. त्याच मैदानावरून पुढे मोनिका आथरे, किसन तडवी, ताई बामणे अशी रांग लागली. एकाच गुरूच्या हाताखाली एकामागून एक धावपटू निघतात, तेव्हा तो चमत्कार राहत नाही, तिथे काहीतरी व्यवस्था लागलेली असते.

देशभर पाहिलं तरी हेच दिसतं. आदिवासी खेळाडू नकाशावर विखुरलेले नाहीत, ते झुबक्यांनी सापडतात. हॉकीत झारखंडचे सिमडेगा आणि खुंटी, ओडिशाचं सुंदरगड. 1928 च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमधल्या भारतीय संघाचे कर्णधार जयपालसिंह मुंडा याच पट्ट्यातले. मिशनरी शाळांनी इथे शंभर वर्षांपूर्वी हॉकी रुजवली, मग ती गावाची झाली. जिंकणाऱ्या संघाला बोकड देणाऱ्या ‘खस्सी’ स्पर्धा आजही तिथे भरतात. पण खस्सी स्पर्धेतून थेट भारतीय संघात जाता येत नाही, मधला जिना लागतो. राउरकेलाजवळ पानपोशला 1985 मध्ये क्रीडा वसतिगृह निघालं आणि तो जिना तयार झाला. सौनामारा या एका गावाने दिलीप तिर्की आणि अमित रोहिदास असे दोन ऑलिंपिकपटू दिले. तिर्की तीन ऑलिंपिक खेळले आणि आता हॉकी इंडियाचे अध्यक्ष आहेत. तिरंदाजीत राजस्थानच्या झाडोल भागातला लिंबाराम हा मुलगा 1980 च्या दशकात क्रीडा प्राधिकरणाच्या खास मोहिमेत सापडला आणि 1992 मध्ये बीजिंगला त्याने जागतिक विक्रमाची बरोबरी केली. धनुष्य त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या होतं. विक्रम झाला तो शोधायला कुणीतरी गावात आलं त्यानंतर.

यावर एक आक्षेप हटकून येतो, कधी कौतुकाच्या सुरात तर कधी शास्त्राचा आव आणून: ‘हे लोक मुळातच काटक, रक्तातच आहे त्यांच्या.’ रक्तातच असेल तर ते धडगावच्या, मेळघाटच्या, भामरागडच्या मुलांच्याही रक्तात असायला हवं. तिथले डोंगर कमी उंच नाहीत की चढ कमी खडे नाहीत. पदकांच्या याद्यांमध्ये ही नावं का दिसत नाहीत, याचं उत्तर रक्तात सापडत नाही. तिथल्या मैदानात, प्रशिक्षकाच्या रिकाम्या पदात आणि मुलांच्या ताटात ते शोधावं लागतं. शिवाय ‘काटक’ या शाबासकीत एक छुपी सवलतही आहे. जो जन्मतःच काटक, त्याला बूट, दूध, फिजिओथेरपिस्ट यांची काय गरज? टोकियो ऑलिंपिकमध्ये भारतीय महिला हॉकी संघ चौथा आला. त्या संघातल्या सलीमा टेटेच्या सिमडेगा जिल्ह्यातल्या घरी तिचा सामना बघायला टीव्ही नव्हता, प्रशासनाने आयत्या वेळी आणून बसवला. 2024 मध्ये ती भारताची कर्णधार झाली. टीव्ही बसवल्याची बातमी मोठी झाली, पण तिच्या गावी धड मैदान आहे की नाही, हा प्रश्न त्या दिवशी कुणालाच सुचला नाही.

व्यवस्था मुद्दाम उभी केली तर काय होतं, याचा पुरावा एव्हरेस्टवर आहे. 25 मे 2014 रोजी मालावत पूर्णा शिखरावर पोहोचली तेव्हा ती चौदाचीही नव्हती. निजामाबाद जिल्ह्यातल्या पाकाला गावची ही लंबाडा मुलगी सरकारी निवासी शाळेत शिकत होती, आणि सोबत त्याच शाळासमूहातला आनंदकुमार हा दलित मुलगा होता. त्या शाळांचे सचिव आर. एस. प्रवीणकुमार यांनी भोंगीरच्या खडकावर मुलांना चढायला शिकवण्याची सोय केली. तिथून निवडलेली मुलं दार्जिलिंगला गेली, त्यातून हे दोघे निघाले. चार वर्षांनी आपल्याकडे आदिवासी विकास विभाग आणि चंद्रपूर जिल्हा प्रशासनाने ‘मिशन शौर्य’ राबवलं. मे 2018 मध्ये मनीषा धुर्वेसह आश्रमशाळांचे पाच विद्यार्थी एव्हरेस्टवर पोहोचले. निवड, सराव, पोषण, वैद्यकीय तपासणी, पुन्हा सराव असा क्रम काही महिने पाळला, तर ज्या आश्रमशाळांची नावं एरवी सर्पदंशाच्या आणि निकृष्ट जेवणाच्या बातम्यांत येतात त्यांतूनच गिर्यारोहक निघतात, हे शासनाने स्वतःच सिद्ध करून दाखवलं. मुंबईत सत्कार झाले, बक्षिसं आणि नोकऱ्या जाहीर झाल्या. सगळं रास्तच. पण त्याच वर्षी जुलैत आदिवासी वसतिगृहांतले विद्यार्थी पुण्याहून नाशिकच्या आदिवासी विकास आयुक्तालयाकडे पायी निघाले होते. वसतिगृहांच्या खानावळी बंद करून जेवणाचे पैसे बँक खात्यात टाकायचं ठरलं होतं आणि मुलांना पैसे नको होते, ताट हवं होतं. पैसे वेळेवर आले नाहीत तर जेवायचं कुठे, हा त्यांचा साधा हिशेब. विभाग एकच, मुलं त्याच पाड्यांवरची, आणि दोन घटनांमध्ये अंतर फक्त दोन महिन्यांचं. शिखरावरच्या पाच जणांचा फोटो सगळ्यांना आठवतो. मोर्चाचा किती जणांना आठवतो?

एवढं सगळं व्यवस्थेच्या नावावर लिहिलं तर त्या मुलीच्या जिद्दीला काही किंमतच उरत नाही, असं कुणी म्हणेल. हा आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा. उणे तापमानात पाय उचलायचा तो पूर्णालाच, शेवटच्या फेरीत वेग वाढवायचा तो कवितालाच. व्यवस्था दार उघडते, आत शिरून निभावणं ज्याचं त्यालाच करावं लागतं, आणि त्याच सोयी मिळालेल्या सगळ्यांनाच ते जमत नाही. पण शहरातल्या यशाबद्दल आपण कसं बोलतो तेही पाहा. दहावी-बारावीच्या निकालानंतर वर्तमानपत्रांची पानं क्लासेसच्या जाहिरातींनी भरतात. मुलाच्या फोटोखाली क्लासचं नाव, सरांचं नाव, शाखेचा पत्ता. दोन खोल्यांच्या फ्लॅटवर मात करून यश, असं तिथे कुणी लिहीत नाही. कारण तिथे सगळ्यांना ठाऊक असतं की हुशारीला शिकवणीची जोड लागते. आदिवासी मुलाच्या वाट्याला मात्र निव्वळ जिद्द येते. साक्री तालुक्यातल्या सामोडेचे डॉ. राजेंद्र भारूड यांची गोष्ट महाराष्ट्राला पाठ आहे: जन्माआधीच वडील गेलेले, आईने मोहाची दारू विकून वाढवलेला भिल्ल मुलगा डॉक्टर झाला, मग 2013 च्या तुकडीत आयएएस. त्या गोष्टीत अक्कलकुव्याचं नवोदय विद्यालय एका ओळीत उरकतं. वास्तविक 1986 च्या शिक्षण धोरणातून निघालेली, फुकट निवास आणि शिक्षण देणारी ती शाळा नसती तर पुढची सगळी पानं कोरी राहिली असती. पुढे नंदुरबारचे जिल्हाधिकारी असताना 2021 मध्ये कोविडची दुसरी लाट यायच्या आधीच त्यांनी जिल्ह्यात ऑक्सिजनचे प्रकल्प उभे केले. म्हणजे सोय नसली की माणसं मरतात, हे त्यांनी नेमकं ओळखलं होतं. सत्कारात मोहाची दारू येते, ऑक्सिजन क्वचितच येतो.

आणखी एक अडचण आहे. आपण पदकं, शिखरं, स्पर्धा परीक्षा यांचा गौरव करतो, कारण ही यशं बिनविरोध असतात. धावणारी मुलगी कुणाला प्रश्न विचारत नाही. हांसदा सोवेंद्र शेखर या संथाळ लेखकाला 2015 मध्ये साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. पेशाने तो झारखंड सरकारचा डॉक्टर. दोनच वर्षांनी त्याच सरकारने त्याच्या कथासंग्रहावर बंदी घातली आणि त्याला निलंबित केलं. बंदी काही महिन्यांनी उठली. त्या संग्रहाची शीर्षककथा पाहुण्यांपुढे नाचायला नकार देणाऱ्या आदिवासी कलावंताची आहे, हा योगायोग बोलका म्हणावा लागेल. कवयित्री जसिंता केरकेट्टाने 2023 मध्ये एका माध्यमसमूहाचा साहित्य सन्मान नाकारला. मणिपूरच्या आदिवासींची वेदना माध्यमांनी गांभीर्याने मांडली नाही, हे तिचं कारण. मराठीत वाहरू सोनवणे यांची ‘स्टेज’ ही कविता तर याच प्रश्नाला भिडते: व्यासपीठ कुणाचं आणि तिथून दुःख सांगायचं कुणी? सत्कारमूर्तीने सत्काराबद्दल मत मांडलं की आयोजकांची पंचाईत होते, हे खरं. पण एवढी स्वतःची बुद्धी असणं हे कर्तृत्व नाही तर काय?

इथे माझ्याच युक्तिवादावर उलटणारा सर्वांत जड आक्षेप येतो. शाळा, वसतिगृह, क्रीडा प्रबोधिनी या साऱ्या व्यवस्था मुलाला पाड्यावरून उचलून नेतात. तिथे त्याची गोंडी, भिलोरी, कातकरी बोली सुटते, हंगाम सुटतात, मोठ्यांचं ज्ञान सुटतं. ज्याला आपण जिना म्हणतो तो घरापासून तोडणारा जिना असेल, तर त्याचं कौतुक कसलं? कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाने मूळनिवासी मुलांना घरापासून तोडून जे केलं त्याबद्दल तिथल्या सरकारांना संसदेत माफी मागावी लागली, तेव्हा ही भीती पोकळ नाही. पण त्यावरचा उपाय आपल्याच मुलुखात कुणीतरी करून पाहिला आहे. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात मोहगावच्या ग्रामसभेने 2019 मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. शासनाने मान्यतेअभावी ती अनधिकृत ठरवली आणि गावाला उच्च न्यायालयाचं दार ठोठवावं लागलं. आश्रमशाळेत बोली सुटते अशी तक्रार करायची आणि बोलीतली शाळा निघाली की तिला नोटीस द्यायची, यातलं एकच काहीतरी खरं मानता येईल. मुलाला घरची भाषा आणि बाहेरचं मैदान दोन्ही हवं असतं, आणि ते एकत्र मिळू शकतं हे गावांना कळलेलं आहे.

मग 9 ऑगस्टच्या सभेत काय बदलावं? सत्कार जरूर व्हावा, पण त्या मुलीसोबत तिची अधीक्षिका, तिचा क्रीडाशिक्षक, तिला वसतिगृहात धाडणारी आई यांनाही मंचावर खुर्ची मिळावी आणि भाषणात त्यांच्या कामाचा तपशील यावा. मागच्या पाच वर्षांत ज्यांचे सत्कार झाले त्यांना जाहीर केलेली नोकरी मिळाली का, बक्षिसाचा धनादेश वटला का, याचं एक पान त्याच सभेत वाचून दाखवावं. पाहुणे आमदार असतील तर त्यांनी आपल्या तालुक्यात क्रीडाशिक्षकांची किती पदं रिकामी आहेत तेवढं सांगावं, बाकी भाषण नसलं तरी चालेल. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता 82.3 टक्के होती आणि आदिवासींची 65.7. देशात दहा कोटींहून अधिक अनुसूचित जमातींचे लोक असताना त्यांच्या मुलांनी परदेशात उच्च शिक्षण घ्यावं म्हणून केंद्राची जी शिष्यवृत्ती आहे, तिच्या जागा वर्षाला 20. त्या विसाव्या जागेवर निवडल्या गेलेल्या मुलाचा फ्लेक्स गावात नक्की लागेल. एकविसाव्या क्रमांकावर थांबलेली मुलगी कदाचित तितकीच हुशार असेल, आणि तिच्यासाठी काय करायचं हे त्या सभेत बसलेल्यांनीच ठरवायचं आहे.