विश्लेषण : स्टार्टअपसाठी इन्क्युबेटर नेमके काय देतो? प्रवेश घेण्यापूर्वी काय तपासावे?

घाटकोपरच्या वन-बीएचकेमध्ये अॅप तयार होऊ शकते, पण यंत्राचा नमुना तयार करायला प्रयोगशाळा लागते आणि ते विकायला ओळख. ही दरी भरण्यासाठी इन्क्युबेटर असतात. मात्र ते फुकट नसतात.

उपनगरात कुठे आहेत?
पवईत आयआयटी मुंबईचे ‘साइन’ 2004 पासून सुरू आहे. घाटकोपरशेजारी, विद्याविहारच्या सोमय्या संकुलात ‘रिडल’ आहे. मुंबई महापालिकेने अंधेरी पूर्वेला ‘स्माईल’ हे केंद्र उभारले.

काय मिळते?
टेबल-खुर्ची आणि वायफाय को-वर्किंगमध्येही मिळते. इन्क्युबेटरचे खरे मोल प्रयोगशाळा, मार्गदर्शक, कायदेशीर सल्ला आणि पहिला ग्राहक यांत आहे. म्हणूनच पालिकेचे केंद्र वेगळे ठरू शकते. शाळा, रुग्णालये, पाणी आणि कचरा हे सारे पालिकेकडेच आहे. तिथे चाचणी मिळाली, तर पुढच्या ग्राहकाला दाखवायला पुरावा मिळतो.

पैसा कसा येतो?
केंद्राने 2021 मध्ये 945 कोटींची ‘स्टार्टअप इंडिया सीड फंड’ योजना आणली. तिचा पैसा स्टार्टअपला थेट नव्हे, तर निवडलेल्या इन्क्युबेटरमार्फत देण्याची रचना होती. नमुना तयार करणे आणि चाचणीसाठी 20 लाखांपर्यंत अनुदान, तेही टप्प्याटप्प्याने. बाजारात उतरण्यासाठी 50 लाखांपर्यंत, पण कर्ज किंवा परिवर्तनीय रोख्यांच्या रूपात. या योजनेत निवडीसाठी शुल्क घेण्यास इन्क्युबेटरला मनाई होती.

इन्क्युबेटर स्वतः कसा चालतो?
बहुतेक संस्था ना-नफा तत्त्वावर चालतात. सरकारी अनुदान ठरावीक काळापुरतेच असते. उदाहरणार्थ, अटल इन्क्युबेशन सेंटरला जास्तीत जास्त पाच वर्षांत 10 कोटींपर्यंत. त्यानंतर भाडे, शुल्क, सीएसआर निधी आणि स्टार्टअपमधील छोटा हिस्सा यांवरच गाडा ओढावा लागतो. हिस्स्याचे फळ उशिरा येते. ‘साइन’मध्ये वाढलेली ड्रोन कंपनी ‘आयडियाफोर्ज’ 2007 मध्ये स्थापन झाली आणि शेअर बाजारात आली ती जुलै 2023 मध्ये. सोळा वर्षे थांबणे प्रत्येक केंद्राला परवडत नाही. मग उत्पन्नासाठी टेबले भाड्याने देण्यावर भर येतो आणि मार्गदर्शन मागे पडते.

सही करण्यापूर्वी काय विचारावे?
– किती टक्के हिस्सा द्यायचा आणि कशाच्या बदल्यात?
– पेटंट कोणाच्या नावावर राहणार?
– मार्गदर्शक महिन्याला किती तास देणार?
– मध्येच बाहेर पडल्यास हिस्सा परत मिळतो का?
– आधीच्या तुकडीतल्या किती कंपन्या आज सुरू आहेत?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर त्या कंपन्यांनाच फोन करून घ्यावे. सुरुवातीला दोन-तीन टक्के किरकोळ वाटतात. मात्र कंपनी मोठी झाली, की तोच सर्वांत महागडा खर्च ठरू शकतो.