पाटा वाढवला, वजन कुठं गेलं?

हळदीचा हंगाम सुरू झाला की सांगलीच्या मार्केट यार्डात शिरणाऱ्या पिकअप गाड्या मागून पाहाव्यात. एमएच १०, एमएच ११, मधूनच कराडकडची एमएच ५०. पोती भरलेली एखादी गाडी सरळ उभी असते. शेजारची मात्र मागून बसलेली आणि तोंड वर केलेली. मालक चाकाशी वाकतो, आत बघतो आणि निदान करतो, ‘पाटे बसले. कमान मारून घ्यावी लागणार.’ त्यावर दुसऱ्या गाडीवाल्याचा सल्ला तयार असतो, ‘कमान कशाला मारतोस? एक पाटा वाढव की! कितीबी टाक, हलायची न्हाई.’

निदान बहुतेक वेळा बरोबर असतं. सल्ला मात्र तपासून घ्यावा असा आहे.

पाटा म्हणजे वाकून पुन्हा सरळ होणारी पोलादी पट्टी. साध्या बैलगाडीला तो नव्हता, म्हणून चाक दगडावर चढलं की धक्का थेट माणसाच्या मणक्यात जायचा. टांग्याला पाटे आले आणि बसणं सुसह्य झालं. आजच्या पिकअपच्या मागच्या चाकांवर त्याच टांग्याच्या पाट्यांचा वंश चालू आहे. जेवढं वजन, तेवढं वाकणं, हा स्प्रिंगचा नियम रॉबर्ट हूकने १६७८ साली मांडला. वजन उतरलं की पाटा मूळ जागी येतो. पण हे एका मर्यादेपर्यंतच. मर्यादा ओलांडली की पोलादाचा आकार थोडा कायमचा बदलतो. गॅरेजमध्ये त्यालाच ‘कमान उतरली’ म्हणतात.

मग पाच-सहा पाट्यांऐवजी एकच जाड पट्टी का नाही? कारण पट्टीचा कडकपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ८ मिलिमीटरच्या जागी १० मिलिमीटरची पट्टी घातली तर कडकपणा जवळजवळ दुप्पट होतो. सारख्या लांबीच्या पाच पट्ट्या एकमेकींवर मोकळ्या ठेवल्या तर तो पाचपट होतो. पण त्या पाचांच्या जाडीची एकसंध पट्टी १२५ पट कडक असते. शंभर पानी वही सहज वाकते. तीच पानं खळ लावून चिकटवली की फळी होते. पाट्यांच्या संचाचं सगळं मर्म या वहीत आहे. वाकताना पाटे एकमेकांवर सरकले पाहिजेत. मध्ये गंज आणि चिखल साचला की सरकणं अडतं, वही हळूहळू फळीसारखी वागू लागते आणि गाडी ‘मारते’.

दुसरा शत्रू शिणवटा. प्रशियाच्या रेल्वेत काम करणारे ऑगस्ट व्योलर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर दाखवून दिलं, की पोलाद एका झटक्यात ज्या ताणाने तुटतं, त्याहून कमी ताणानेही ते लाखो वेळा वाकवल्यावर तुटतं. प्रत्येक खड्डा पाट्याच्या खात्यावर एक नोंद करतो, आणि गाडी जादा भरलेली असेल तर ती नोंद फार मोठी असते. ताण सव्वापट झाला तर आयुष्य तेवढ्याच प्रमाणात घटत नाही. त्याहून कितीतरी जास्त घटतं. म्हणून ‘इतक्या किलोमीटरला पाटे बदला’ असा सरसकट आकडा देता येत नाही. हलका माल घेऊन महामार्गाने धावणारी गाडी आणि जत-आटपाडीच्या वाड्यावस्त्यांवर काठोकाठ भरून फिरणारी गाडी यांचं मीटर एकच आकडा दाखवेल, पाट्यांचं वय मात्र वेगळं असेल.

उतरलेली कमान ठोकून वर आणता येते, पण ती फार दिवस टिकेलच असं नाही. पाट्याच्या पोलादाला कारखान्यात नेमक्या तापमानाला ‘पाणी’ दिलेलं असतं, शिवाय पृष्ठभागावर बारीक छर्ऱ्यांचा मारा करून चीर सहज पडू नये अशी तजवीज केलेली असते. पाटा भट्टीत लाल करून नुसता वाकवला तर ते पाणी उतरतं. दिसायला कमान झकास, आतून लोखंड मऊ. तुटलेल्या पाट्याला वेल्डिंग करणं तर धोक्याचंच. सांध्याच्या कडेचं पोलाद ठिसूळ होतं आणि पुढची चीर तिथूनच निघते.

आता त्या वाढीव पाट्याकडे येऊ. स्प्रिंगवर बसलेली गाडी किती वेगाने वरखाली होते, हे वजनाने स्प्रिंग किती दबली यावर ठरतं. पाटे १० सेंटिमीटर दबले असतील तर सेकंदाला साधारण १.६ हेलकावे, ५ सेंटिमीटरला २.२, अडीच सेंटिमीटरला ३ च्या वर. भरलेली पिकअप डुलत जाते आणि रिकामी आपटत जाते ती यामुळेच. पाटा वाढवला की दबणं कमी, हेलकावे जलद आणि धक्के कडक. सेकंदाला ४ ते ८ कंपनं माणसाच्या शरीराला सर्वात जास्त जाचतात, म्हणजे कडक गाडी आपल्याला त्याच बाजूला ढकलते.

मालाचंही तेच. तासगावची द्राक्षं किंवा पाचगणीहून पसरणी घाटाने वाईला उतरणारी स्ट्रॉबेरी जोरदार धक्क्याने क्षणभर तळापासून सुटते आणि पुन्हा आदळते. थप्पीतल्या वरच्या खोक्यांना हा जाच अधिक. डाग दुसऱ्या दिवशी बाजारात दिसतो आणि दोष बागायतदाराच्या तोडणीला लागतो. हळदीच्या पोत्याला हे सोसतं, स्ट्रॉबेरीला नाही. म्हणून पाटे किती कडक हवेत हे गाडी काय वाहते त्यावरही ठरतं.

त्याहून गंभीर गोष्ट ब्रेकची. काही पिकअपमध्ये मागच्या ब्रेकला किती दाब द्यायचा हे एक झडप गाडीच्या मागच्या उंचीवरून ठरवते. गाडी दबली म्हणजे माल आहे, असा तिचा साधा हिशेब. पाटे वाढवून गाडी उंच केली आणि झडप पुन्हा जुळवली नाही, तर भरलेली गाडी तिला रिकामी वाटते आणि मागचा ब्रेक कमी लागतो. खंबाटकी किंवा कुंभार्लीच्या उतारावर ही फसगत महागात पडते.

शिवाय अॅक्सल, बेअरिंग, टायर, ब्रेक आणि चासी जुनीच असते. पाटा वाढवल्याने वाकणं कमी होतं. वजन कुठंही जात नाही. नोंदणी पुस्तकातला आकडाही बदलत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला आणखी २ हजार असा दंड आहे.

मग बदलायचं कधी? रिकामी गाडी सपाट जागी उभी करून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी मोजा. गाडी नवी असतानाच हे आकडे डायरीत लिहून ठेवले तर उत्तम. एक बाजू स्पष्ट खाली दिसली तर त्या बाजूचे पाटे संपत आले. पाट्यावर आडवी चीर, दोन पाट्यांतून ओघळलेली गंजाची रेघ, खाल्लेले बुश, सैल यू-बोल्ट शोधा. चाक मडगार्डच्या कमानीच्या मधोमध नसेल किंवा गाडी तिरकी पळत असेल तर सेंटर बोल्ट तुटलेला असू शकतो. मुख्य पाटा टोकाच्या गोल डोळ्याजवळ तडकला असेल तर गाडी जागची हलवू नका.

पाट्यांबरोबर शॉकअपही तपासा. त्याचं काम वजन पेलण्याचं नाही, हेलकावा विझवण्याचं आहे. आतलं तेल बारीक छिद्रांतून ढकललं जातं आणि हेलकाव्याची उष्णता होते. खराब रस्त्याने आल्यावर हाताची मागची बाजू जपून दोन्हीकडच्या शॉकअपना लावून पाहा. एक कोमट आणि दुसरा थंड असेल, तर थंड असलेला कामच करत नाही. तेल गळत असेल किंवा टायर ठिकठिकाणी चकत्यांसारखे झिजले असतील तर शॉकअप बदलाच, आणि तेही जोडीने. पाट्यांचंही तसंच. बसलेल्या संचात एकच नवा पाटा घातला तर भार त्याच्यावर जास्त येतो आणि तोच आधी तुटतो. नवे पाटे बसवल्यावर काहीशे किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्या.

सुधारणा हवीच असेल तर ती वजन वाढवण्यासाठी नको. चाल सुधारण्यासाठी असावी. नाजूक माल वाहणाऱ्याने कमी घर्षणाचे, मध्ये जाड आणि टोकांना निमुळते पॅराबोलिक पाटे आपल्या मॉडेलला मिळतात का, ते कंपनीच्या अधिकृत केंद्रात विचारावं. कधी रिकामी, कधी पूर्ण भरलेली धावणाऱ्या गाडीला हेल्पर पाटा सोयीचा. तो माल भरल्यावरच टेकतो आणि एरवी गाडी मऊ राहते.

पण या सगळ्याच्या आधी एक साधं काम करा. नेहमीसारखी भरलेली गाडी वजनकाट्यावर उभी करा आणि पावतीवरचा आकडा नोंदणी पुस्तकाशी ताडून पाहा. आकडा मर्यादेच्या आत असूनही गाडी बसत असेल, तर पाटे बदला. आकडा बाहेर असेल, तर आधी पोती कमी करा.