जोरदार कुठली?

आमच्या पलंगाखाली एक पत्र्याची ट्रंक आहे. पूर्वी तिच्यात माझे लग्नातले शालू असायचे. आता टार्गेटचे कागद आहेत. काळ्या गोलात भोकं पडलेले, मागे तारीख, वारा आणि काडतुसांचा लॉट नंबर लिहिलेले. पाहुण्यांनी विचारलं की सासूबाई ठसक्यात सांगतात, ‘‘नातीनं पाडलेली भोकं हायत ती. रद्दी न्हवं!’’ त्या गठ्ठ्यात सगळ्यात खाली एक कागद आहे, तो मात्र मी कुणाला दाखवत नाही. आज त्याचीच गोष्ट सांगते.

आम्ही तासगावकडचे. नेमबाजीचं नाव आमच्या घरात पहिल्यांदा निघालं ते २०१० मध्ये. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत म्युनिकला पन्नास मीटर प्रोन रायफलमध्ये जगज्जेती झाली, तेव्हा माझी ऋतुजा चार वर्षांची होती. पुढे आठवीत असताना शाळेच्या शिबिरात तिनं एअर रायफल हातात घेतली आणि ती काही सुटली नाही. अकरावीला कोल्हापूरला गेली, तिथे दहा मीटरवरून पन्नास मीटरवर आली. इथे माझ्यासारख्या आईला पहिला धक्का बसतो. एअर रायफलचे छर्रे परवडतात. पन्नास मीटरला ‘पॉइंट टू टू’ची खरी काडतुसं लागतात, आणि ती पाण्यासारखी संपतात.

आपण सगळ्यालाच गोळी म्हणतो. खरं तर गोळी म्हणजे पुढचं शिसं, जेमतेम अडीच ग्रॅमचं. मंगळसूत्राच्या दोन वाट्या बऱ्या. मागे पितळी नळी, तिच्यात चिमूटभर दारू आणि तळाच्या कडेत ठिणगी पाडणारा मसाला. हे सगळं मिळून काडतूस. पन्नासांची डबी, अशा दहा डब्यांचा गठ्ठा, आणि पाच हजारांची पेटी. घरी ठेवायचा प्रश्नच नाही, सगळं क्लबच्या लायसन्सवर आणि क्लबच्या कपाटात. आमच्याकडे येतं ते फक्त बिल.

तर २०२३ चा नोव्हेंबर. ऋतूची निवड चाचणी चार दिवसांवर आलेली. बाहेरून यायचा काडतुसांचा माल अडकलेला, सर दुसऱ्या मुलांना घेऊन परराज्यात. क्लबच्या सेक्रेटरींचा मला फोन आला, ‘‘वहिनी, दुकानात दोन प्रकार आहेत. एक साधी, एक हाय व्हेलॉसिटी. किंमत जवळपास सारखीच. कुठली घेऊ?’’ मी शाळेतून येऊन नुकती चहा टाकत होते. मी विचारलं, ‘‘दोन्हींत जोरदार कुठली?’’ ते म्हणाले, हाय व्हेलॉसिटी. ‘‘मग तीच घ्या की!’’ मिक्सर घेताना वॅट बघतो, तसंच हेही. ऋतूला मी विचारलंसुद्धा नाही. पैसे मी देत होते ना!

चाचणीला मी हौसेनं गेले. साठ गोळ्या असतात. वीस गुडघ्यावर बसून, वीस पालथं पडून, वीस उभ्यानं. पन्नास मीटरवरचा दहाचा गोल असतो १०.४ मिलीमीटरचा, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढा. पालथं पडून, ज्याला प्रोन म्हणतात, त्यात ऋतू सगळ्यात पक्की. त्यातच तिला तीन आठ लागले. नऊ तर कितीतरी. दर दोन-चार गोळ्यांनी ती सायटीचे क्लिक फिरवत होती, मागे वळून बघत होती. मला वाटलं, हिचं चित्त थाऱ्यावर नाही.

दोन गुणांनी निवड हुकली. परतीच्या एसटीत मी तिला जे काही बोलले ते आता आठवलं तरी पोटात कालवतं. रात्रभर मोबाइल बघत बसतेस, होस्टेलवर मैत्रिणी गोळा करतेस, इथे आम्ही पै-पै करतोय. ती खिडकीबाहेर बघत राहिली. सांगली आल्यावर एवढंच म्हणाली, ‘‘आई, नेम बरोबर होता गं.’’ मी म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं.

आठवड्यानं सर परत आले. त्यांनी टार्गेटचा कागद उन्हात धरला, मग रिकामी डबी मागवून घेतली. डबीवरचं वाचून त्यांनी मला फोन केला. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. म्हणाले, ‘‘मॅडम, येत्या रविवारी या. मुलीची चूक नाही, एवढं आत्ताच सांगतो.’’

रविवारी त्यांनी रायफलची नळी टेबलावरच्या व्हाइसमध्ये आवळली, म्हणजे माणसाच्या हाताचा, श्वासाचा प्रश्नच मिटला. सायटीला हात न लावता माझ्या पसंतीच्या दहा गोळ्या सोडल्या. कागद जवळ आणला तर भोकं लिंबाच्या फोडीएवढी पसरलेली. मग त्यांच्याकडच्या जुन्या मॅच लॉटमधल्या दहा सोडल्या. माझ्या पर्समध्ये बंद झालेल्या चार आण्यांचं एक नाणं असतं. ते ठेवलं तर सगळी भोकं झाकली गेली. रायफल तीच, हवा तीच. कुणी काही बोललं नाही. ऋतू नळी पुसत होती.

असं का होतं, ते सरांनी चहाच्या टपरीवर समजावलं. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, उन्हाळ्यात थोडा जास्त. मॅचची ‘पॉइंट टू टू’ मुद्दाम त्याच्या खालीच ठेवतात, ३२५-३३० मीटरच्या आसपास. हाय व्हेलॉसिटीची गोळी सुटते ३८० च्या घरात, पण तिचं शिसं हलकं, नाक बोथट. हवा तिला लगेच अडवते. त्यामुळे पन्नास मीटरच्या वाटेतच ती आवाजाच्या वेगापर्यंत उतरायला लागते, आणि त्या टप्प्यात हवेचे हिसके बसतात. घाट उतरताना ब्रेक दाबत आलेल्या एसटीसारखं. प्रत्येक गोळीला हिसका सारखाच बसेल असं नाही.

मी तरी विचारलंच, ‘‘पण लवकर पोचते ना? मग वारा कमी ढकलणार.’’ सर हसले. म्हणाले, सगळ्यांना असंच वाटतं. वारा किती ढकलतो हे गोळी हवेत किती वेळ आहे यावर ठरत नाही, हवेनं अडवल्यामुळे तिचा किती वेळ वाया गेला यावर ठरतं. आवाजाच्या वेगाजवळ हवा सगळ्यात जास्त अडवते. म्हणून ‘पॉइंट टू टू’मध्ये जोराची गोळी साध्या गोळीपेक्षा वाऱ्यात जास्त सरकते. वीस वर्षं चौथीला परिसर अभ्यास शिकवतेय मी, पण हे डोक्यात शिरायला दोन कप चहा लागले.

शिवाय मुख्य गोष्ट वेगाची नाहीच. पहिली गोळी ज्या वेगानं गेली त्याच वेगानं साठावी जायला हवी. दारूचा कण इकडेतिकडे झाला, कडेतला मसाला कमी-जास्त बसला की गोळी वर किंवा खाली लागते. मॅचच्या काडतुसांना जास्त पैसे पडतात ते या सारखेपणाचे.

मग लॉटचा प्रकार. हा तर माझ्या ओळखीचा निघाला. आमच्याकडे बेदाणा करतात. एकाच बागेची द्राक्षं, एकाच शेडवर वाळलेली, तरी प्रतवारीत वेगळी निघतात. काही कंपन्या एकाच मशिनवर निघालेला माल चाचणी घेऊन अशाच प्रती लावतात, महागाची वेगळी, मधली वेगळी. पण त्यांची चाचणी त्यांच्या नळीतून होते, आपली नळी वेगळी. कुठल्या नळीला कुठला लॉट मानवेल हे झाडून बघितल्याशिवाय कळत नाही. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला ‘एली’च्या आणि जर्मनीतल्या शोनेबेकला ‘लापुआ’च्या चाचणी रेंजवर खेळाडू आपली रायफल घेऊन जातात ते यासाठीच. एक लॉट जुळला की त्याच नंबरच्या पेट्या घ्यायच्या. संपला की पुन्हा पहिल्यापासून.

आम्ही काही बर्मिंगहॅमला जाणार नव्हतो. २०२४ च्या उन्हाळ्यात माझी भिशी लागली. सरांनी पाच लॉटच्या दोन-दोन डब्या मिळवल्या. सकाळी सातला, वारा पडलेला असताना, ऋतूनं व्हाइस लावला. प्रत्येक लॉट बदलला की आधी पाच-सात गोळ्या वाया घालवायच्या, कारण आधीच्या काडतुसाचं मेण नळीत असतं. मग दहा-दहाचे दोन गट. मी कागदावर नंबर घालत होते, अगदी शाळेतल्या हजेरीसारखे. पाचांतली सर्वांत महाग दुसरी आली. पहिली आली ती मधल्या प्रतीची. त्याच कंपनीच्या त्याच प्रतीचा दुसरा लॉट चौथा! मी म्हटलं, ‘‘तरी महागच घेऊया का? पुन्हा रुखरुख नको.’’ ऋतूनं दोन कागद माझ्यासमोर ठेवले आणि म्हणाली, ‘‘तूच नाणं ठेवून बघ.’’ मी नाणं ठेवलं. मधल्या प्रतीची एक पेटी घेतली. उरलेल्या पैशांत तिचं शूटिंगचं जाकीट आलं.

त्याच ऑगस्टमध्ये राधानगरीकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेला पॅरिसला थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळालं. आमच्या गल्लीत पोरं फटाके वाजवत होती आणि ऋतू वहीत लॉटचे आकडे लिहीत होती.

अलीकडे तिच्या डोक्यात तीनशे मीटरचं खूळ आहे. तिथे मात्र माझा जुना प्रश्न वेडा ठरत नाही. त्या अंतरासाठी मोठ्या रायफली लागतात आणि वेगही. स्वित्झर्लंडमध्ये झुरिकला तेरा ते सतरा वर्षांच्या मुलांची तीनशे मीटरची स्पर्धा भरते. नावच ‘पोरांची नेमबाजी’. १९९१ पासून मुलींनाही घेतात. त्यांच्या लष्करी रायफलीची गोळी आमच्यासारखीच ५.६ मिलीमीटर जाडीची, पण लांब, टोकदार, चार ग्रॅमच्या वर, आणि सुटते सेकंदाला सुमारे ९०० मीटरनं. तीनशे मीटरवर पोचेपर्यंत ती आवाजाच्या पुढेच राहते, त्यामुळे वाटेतले हिसके नाहीत आणि वाराही कमी ढकलतो. मग आणखी वेग का नको? सर म्हणतात, त्यालाही किंमत आहे. अमेरिकेत १९३५ मध्ये ‘टू ट्वेंटी स्विफ्ट’ नावाचं काडतूस निघालं, सेकंदाला बाराशे मीटरच्या पुढचं. त्याच्या वेगाची जेवढी चर्चा झाली, तेवढीच नळी लवकर झिजण्याची. म्हणून तीनशेला बरेच खेळाडू सहा मिलीमीटरची मध्यम वेगाची काडतुसं पसंत करतात. सेकंदाला साडेआठशेच्या आसपास, खांद्याला धक्का कमी, आणि सगळ्या गोळ्या सारख्या.

तो नोव्हेंबरचा कागद मी ट्रंकेतून एकदाच बाहेर काढला, लॉट ठरला त्या रात्री. मागे ऋतूच्या अक्षरात तारीख होती, वारा ‘डावीकडून, मंद’ असं लिहिलं होतं. काडतुसाची जागा तिनं कोरीच सोडली होती. मी तिथे पेनानं लिहिलं, ‘आईनं निवडलेली’. तिनं ते वाचलंय की नाही, मी विचारलेलं नाही.

गेल्या महिन्यात तो लॉट संपत आला. दुपारच्या सुट्टीत सेक्रेटरींचा फोन, ‘‘वहिनी, नवे चार लॉट आलेत, कुठला बाजूला काढू?’’ मी म्हटलं, ‘‘भाऊजी, मला नका विचारू. चारांच्याही दोन-दोन डब्या ठेवा, रविवारी ऋतू येईल.’’