अंदारे

अंदारे हे प्राचीन भारतातील आंध्र जनसमूहाचे लॅटिन नाव आहे. थोरला प्लिनी या रोमन लेखकाच्या 'नातुरालिस हिस्तोरिया' या ३७ भागांच्या ग्रंथातील सहाव्या भागात ते आढळते. हा ग्रंथ त्याने इ.स. ७७ च्या सुमारास पूर्ण केला. प्लिनी स्वतः भारतात कधीही आला नव्हता.

त्याच्या वर्णनानुसार अंदारे हे बलाढ्य लोक होते. त्यांची असंख्य खेडी व तट-बुरुजांनी संरक्षित अशी ३० नगरे होती. त्यांच्या राजाकडे १,००,००० पायदळ, २,००० घोडदळ आणि १,००० हत्ती होते. ही माहिती मौर्य दरबारातील ग्रीक वकील मेगॅस्थेनिस याच्या वृत्तांतावरून घेतली असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. तसे असल्यास हे वर्णन प्लिनीच्या काळाचे नसून सुमारे पावणेचारशे वर्षे आधीचे ठरते. भारतीय साहित्यातील आंध्रांचा उल्लेख याहूनही जुना आहे. ऐतरेय ब्राह्मणात पुंड्र, शबर, पुलिंद यांच्यासोबत त्यांचे नाव येते. अशोकाच्या तेराव्या शिलालेखातही ते आहे.

सातवाहनांशी संबंध

पुराणांनी सातवाहन राजांना 'आंध्र' म्हटले आहे. त्यामुळे प्लिनीचे अंदारे म्हणजेच सातवाहन, असे पुष्कळदा गृहीत धरले जाते. मात्र हे समीकरण वाटते तितके सरळ नाही.

मुंबई उपनगरातील बोरीवलीजवळच्या कान्हेरी लेण्यांत या घराण्याचे ब्राह्मी लिपीतील शिलालेख आहेत. यज्ञश्री सातकर्णीच्या कारकिर्दीतील लेख तेथे आहेत. पाण्याच्या एका टाक्यावरील संस्कृत लेखात वासिष्ठीपुत्र सातकर्णीच्या क्षत्रप कुळातील राणीचा उल्लेख आहे. येथे किंवा नाणेघाट व नाशिकच्या लेखांत हे राजे स्वतःला आंध्र म्हणवत नाहीत. 'सातवाहन' हे कुलनाम मात्र नाणेघाट व नाशिक येथे सापडते. एखाद्या राजवंशाने आपली ओळख अशी पूर्णपणे गाळावी, हे चमत्कारिकच. याच कारणाने वि. सी. सुखटणकर यांनी या घराण्याच्या आंध्र मूळस्थानाविषयी शंका घेतली, तर वा. वि. मिराशी यांनी विदर्भाचा पक्ष मांडला. घराणे मूळचे दख्खनचे असून पुढे त्याची सत्ता आंध्र प्रदेशात पोहोचली व पुराणकारांनी त्यावरून हे नाव दिले, असाही एक तर्क आहे.

पॉइटिंगर पट या रोमन मार्गनकाशावरही 'आंद्रे इंदी' असे नाव आढळते.